तीन वर्षं वहिनीच्या तपासण्या, मग दादाचा रिपोर्ट

दादाला विचारूनच हे लिहितेय. त्याने एकच अट घातली: वजनाचा आकडा लिहायचा नाही. रिपोर्टमधले बाकीचे आकडे लिहिले तरी चालतील म्हणाला. यावरून तुम्हाला माझ्या भावाची थोडीफार कल्पना यावी.

आम्ही बडोद्याचे. पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांची हीच गोष्ट असते. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि रविवारी सकाळी सेव-उसळ. दादा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, म्हणजे आपण 'एमआर' म्हणतो तो. वहिनी शाळेत शिकवते. मी एम. एस. युनिव्हर्सिटीतून इंग्रजीत बीए केलं आणि आता घरी बसून कंटेंट लिहिते. आज गुडघेदुखीचं तेल, उद्या मिक्सर, परवा बाळाचे डायपर. ज्याचे पैसे मिळतील ते.

दादाच्या लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं आणि घरात ते सुरू झालं, जे तुमच्याही कुणाच्या तरी घरात झालं असेल. कुणी स्पष्ट काही म्हणत नाही. फक्त शेजारच्या घरी बारसं असलं की त्या दिवशी आपल्या घरात भांडी जरा जास्त वाजतात. आत्याने पुण्याहून कुठलासा काढा पाठवला. आईने नवस बोलला. आणि वहिनीच्या डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू झाल्या.

थायरॉइड झालं, साखर झाली, हार्मोन्सच्या तपासण्या झाल्या. दर महिन्याला पाळीच्या नवव्या, अकराव्या, तेराव्या दिवशी सोनोग्राफी. त्यासाठी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा आणि मुख्याध्यापिकेला दर वेळी सांगायला नवं कारण. मग गर्भनलिका उघड्या आहेत की नाहीत हे पाहायला औषध आत सोडून जो एक्स-रे काढतात, तोही झाला. त्या दिवशी वहिनी एकटीच रिक्षाने घरी आली, अर्धा तास पोट धरून पडून राहिली आणि संध्याकाळी उठून भाकऱ्या थापल्या. दादा भरूचला मीटिंगमध्ये होता. मी घरात होते, पण माझी डेडलाइन होती.

सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा नवी गोळी, पुन्हा सोनोग्राफी.

तीन वर्षांत दादाची एकही तपासणी झाली नव्हती. कुणी सुचवलीच नाही. एकदा वहिनीने हळूच विषय काढला तर आई म्हणाली, "त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे." दादा मोबाइलमध्ये बघत राहिला.

यात माझाही वाटा आहे, तो लपवत नाही. त्याच सुमारास मी एका वेबसाइटसाठी 'गर्भधारणेसाठी स्त्रियांनी खावेत असे ११ पदार्थ' असा लेख लिहिला होता. लिंक वहिनीला पाठवली, सोबत एक बदाम. तिने उत्तरात नुसता अंगठा पाठवला. पुरुषांनी काय खावं, काय सोडावं, हा लेख मला कुणी मागितला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता.

शेवटी वहिनीच्या मैत्रिणीने दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्या बाईंनी जाडजूड फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटली आणि विचारलं, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?" वहिनी गप्प. डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे ही अर्धीच फाइल आहे. उरलेली अर्धी येईपर्यंत मी तुम्हाला एकही गोळी लिहून देणार नाही."

आता थोडं कोरडं पण कामाचं सांगते. वर्षभर नियमित संबंध असून, कुठलंही साधन न वापरता दिवस राहिले नाहीत, तर त्याला डॉक्टर वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. आणि अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं काहीतरी कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. पुरुषाची पहिली तपासणी वीर्याची. सुई नाही, भूल नाही, वहिनीच्या एका सोनोग्राफीइतकाही त्रास नाही. तरी आपल्याकडे ती सगळ्यांत शेवटी होते.

दादाची अडचण आणखी वेगळी होती. बडोद्यातल्या अर्ध्या लॅब त्याला ओळखतात. धंदाच तसा. काउंटरवरचा मुलगा "काय साहेब, आज सॅम्पल द्यायला की घ्यायला?" असं म्हणेल या धास्तीने तो दोन आठवडे टाळत राहिला. तपासणीआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध टाळायचे असतात, आणि नमुना तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचावा लागतो. म्हणजे घरून डबी घेऊन दुसऱ्या गावी जाणं जोखमीचंच. शेवटी दोघं एका शनिवारी आणंदला गेले आणि तिथल्याच लॅबच्या खोलीत त्याने नमुना दिला. घरी सांगितलं, अमूल डेअरी बघायला चाललोय. आईने विश्वासही ठेवला, येताना श्रीखंड आणा म्हणाली.

रिपोर्ट आला. एका मिलीलीटरमध्ये शुक्राणू ९० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा दिली आहे १ कोटी ६० लाख. त्यातले सरळ पुढे पोहणारे किमान ३० टक्के असावेत, दादाचे होते १४.

त्या मर्यादेविषयी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ती पास-नापासची रेघ नाही. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस राहिले, अशा पुरुषांचे नमुने मोजले. त्यांतल्या सगळ्यांत खालच्या पाच टक्क्यांच्या वरची कड म्हणजे ही मर्यादा. म्हणजे मुलं झालेल्या पुरुषांमध्येही काही जण रेघेखाली होतेच. शिवाय एकाच माणसाचे आकडे दर वेळी बदलतात, म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत, काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. पण हे त्या संध्याकाळी दादाला सांगणारं कुणी नव्हतं. त्याने स्वतःच मोबाइलवर शोधलं आणि मोबाइलने त्याला घाबरवायचं काम चोख केलं.

पुढचे पंधरा दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. जेवण खोलीत. रविवारची सेव-उसळ बंद. मी भाषा शिकलेली मुलगी, म्हणून असेल, मला त्या दिवसांत एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. मूल नसलेल्या बाईसाठी मराठीत एक शब्द तयार आहे, दोन अक्षरी, दगडासारखा. पुरुषासाठी तसा रोजच्या वापरातला शब्दच नाही. जो वापरतात, त्याचा अर्थ वेगळा. शुक्राणू कमी असणं आणि संबंध ठेवता न येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण आपण दोन्ही एकाच शिवीत कोंबतो. दादाला त्या शिवीचीच भीती होती. त्याच्या तोंडून ती आली नाही, पण तो आरशासमोर उभा राहायचा तेव्हा मला ऐकू यायची.

आणि मग तो डबा आला.

कुरिअर मीच घेतलं. काळा-सोनेरी प्लॅस्टिकचा डबा, आत पावडर, किंमत चार हजारांच्या आसपास. दादाने दार लावून घेतलं आणि मला म्हणाला, "आईला सांगू नकोस. नव्वद दिवसांत फरक पडतो म्हणे. बघ, लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. मीच लिहिलं होतं. 'फक्त ९० दिवसांत पितृत्वाच्या दिशेने पहिलं पाऊल.' वर्षभरापूर्वी त्या कंपनीसाठी मी बारा ओळी लिहून दिल्या होत्या. त्यांतली ही त्यांना सगळ्यांत आवडली होती. नव्वद दिवस का, तर आदल्या लेखासाठी वाचताना कुठेतरी तीन महिने असा आकडा दिसला होता आणि 'नव्वद' कानाला बरं वाटलं होतं. पावडरमध्ये काय आहे, ते मी डब्यामागचं वाचलंही नव्हतं.

मी दादाला सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. दिवसभर डॉक्टरांना औषधांच्या चाचण्यांचे कागद दाखवणारा माणूस, त्याने स्वतःसाठी एकही कागद मागितला नव्हता. मग म्हणाला, "मग खरं काय ते तरी शोध आता."

त्या रात्री मी पहिल्यांदा पगाराशिवाय एखाद्या विषयाचा अभ्यास केला.

तीन महिन्यांचा आकडा खोटा नव्हता, एवढं कळलं. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, आणि त्यानंतर पूर्ण सक्षम होऊन बाहेर पडायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे आजच्या नमुन्यात दिसतं ते तीन महिन्यांपूर्वीच्या आयुष्याचं चित्र. मधे डेंग्यू-टायफॉइडसारखा जोराचा ताप येऊन गेला असेल तर तोही रिपोर्टमध्ये उतरतो. चांगल्या सवयींचा परिणाम दिसायलाही तेवढाच वेळ लागतो. पण हे पावडरमुळे नाही, शरीराचं वेळापत्रकच तसं आहे.

पावडरीतल्या मुख्य दोन गोष्टी होत्या झिंक आणि फॉलिक अॅसिड. याच दोन्हींची अमेरिकेत मोठी चाचणी झाली आहे. उपचार घेणारी २,३७० जोडपी होती. निम्म्या पुरुषांना सहा महिने या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. निकाल २०२० मध्ये छापून आला: ना शुक्राणूंत फरक, ना मुलं जन्माला येण्यात. गोळ्या घेणाऱ्यांच्या पोटाच्या तक्रारी मात्र जास्त. दादाने ते वाचलं आणि डबा कपाटावर ठेवला. तो अजून तिथेच आहे. चार हजार गेले म्हणून टाकवत नाही.

मग तो अँड्रॉलॉजिस्टकडे गेला, म्हणजे पुरुषांच्या या तक्रारी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे. मीही गेले, बाहेर बसायला. नंतर त्याने सांगितलं, डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. लहानपणी गालगुंड झाले होते का? किती मोठं असताना? जिममध्ये कुणी इंजेक्शन दिलं का? हा प्रश्न मला चमत्कारिक वाटला, पण कारण ऐकून मी गार पडले. 'ताकदीसाठी' म्हणून घेतलेलं बाहेरचं टेस्टोस्टेरॉन शरीराला फसवतं. मेंदूला वाटतं की भरपूर आहे, मग तो आतला कारखाना बंद करतो आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. पुरुषत्वाच्या नावाने विकलं जाणारं इंजेक्शन बाप होण्याच्याच आड येतं! तुमच्या घरात जिमला जाणारा कुणी असेल तर एवढं तरी त्याला वाचून दाखवा.

दादाने इंजेक्शनं घेतली नव्हती. डॉक्टरांनी हाताने तपासलं, कारण अंडकोशातल्या शिरा फुगल्या असतील तर तेही एक मोठं आणि अनेकदा दुरुस्त होणारं कारण असतं, आणि ते कुठल्याही आहाराने जात नाही. ते नव्हतं. हार्मोन्सही ठीक. मग त्यांनी विचारलं, "तंबाखू?"

दादा मावा खातो. खायचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात चोळून देतात तो. डॉक्टरांच्या केबिनबाहेर ताटकळताना एमआर लोकांचा तोच विरंगुळा. दिवसाला चार-पाच. 'मी सिगारेट ओढत नाही' हे तो अभिमानाने सांगायचा आणि आम्हीही मान डोलवायचो. आपल्या देशात २०१६-१७ च्या पाहणीत प्रौढ पुरुषांपैकी २९.६ टक्के जण बिनधुराची तंबाखू खाणारे निघाले होते. धूर नाही म्हणून शुक्राणूंची सुटका नाही. तंबाखू रक्तातून सगळीकडे पोचते.

पुढचं पोट. कमरेभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही, ती टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करत राहते. शिवाय अंडकोश शरीराबाहेर लोंबतात ते उगाच नाही. तिथलं तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असावं लागतं. मांड्यांची चरबी, दिवसभर बाइकच्या तापलेल्या सीटवर बसणं, घट्ट जीन्स, रात्री मांडीवर लॅपटॉप ठेवून रिपोर्टिंग, हे सगळं ती उष्णता वाढवतं. हार्वर्डच्या संशोधकांनी ६५६ पुरुषांना चड्डी कुठली घालता असं विचारलं, तर सैल घालणाऱ्यांचं शुक्राणूंचं प्रमाण २५ टक्क्यांनी जास्त निघालं. हे मी जेवताना सांगितलं. बाबा ताट घेऊन गॅलरीत गेले.

आता आहार. इथे मला तुमच्याशी सरळ बोलायचंय, कारण आधी बोलले नव्हते. असा एकही पदार्थ नाही, जो खाल्ल्याने मूल होतं. भाज्या, फळं, डाळी, मासे, सुकामेवा भरपूर खाणाऱ्यांचे रिपोर्ट सरासरीने बरे दिसतात. तळण, प्रक्रिया केलेलं मांस, गोड पेयं यांवर जगणाऱ्यांचे वाईट. स्पेनमध्ये ११९ निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. काही जणांना १४ आठवडे रोज ६० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट दिले, आणि त्यांच्या शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार सुधारले. छान वाटतं ना? पण ते आधीच निरोगी होते, आणि पुढे कुणाला मूल झालं का हे त्यात मोजलंच नव्हतं. अशा बातमीचा माझ्यासारखी कंटेंट रायटर 'अक्रोड खा, बाबा व्हा' असा मथळा करते.

आईला मात्र एव्हाना सगळं कळलं होतं (श्रीखंड न आणल्यामुळे संशय आला होता म्हणे), आणि तिने आपला उपाय काढला: डिंकाचे लाडू. रोज दोन, वरून खारकेचं दूध. डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, आई म्हणते ताकद भरा. त्या दोघांत दादा आठ दिवस भरडला गेला. शेवटी वहिनीने तोडगा काढला. लाडू रविवारी एक. इतर दिवशी डबा: दोन भाकऱ्या, मटकी नाहीतर मुगाची उसळ, पालेभाजी, काकडी, आणि मधल्या वेळेला मूठभर शेंगदाणे-चणे. शेंगदाणे त्या स्पेनच्या प्रयोगात नव्हते, पण अक्रोडाचा भाव आम्हाला रोज झेपणारा नाही आणि फरसाणापेक्षा ते केव्हाही बरे.

मावा सोडणं सगळ्यांत कठीण गेलं. तीन वेळा सोडला, दोनदा धरला. एकदा वहिनीला खिशात पुडी सापडली. ती ओरडली नाही. तिने तिची ती जाडजूड फाइल आणली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि भाजी चिरायला गेली. दादाने दुसऱ्या दिवशी १८००-११२-३५६ या सरकारच्या मोफत तंबाखूमुक्ती क्रमांकावर फोन केला. मग रात्री जेवून दोघं सूरसागरला एक चक्कर मारू लागले. झोप साडेअकराला. आधी दीड वाजायचा.

साडेतीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला. शुक्राणू ९० लाखांवरून १ कोटी ८० लाख. पुढे पोहणारे २६ टक्के, अजून रेघेखालीच. वजन सात किलोने कमी (कितीवरून, ते विचारू नका). डॉक्टर म्हणाले, यातलं किती सवयींमुळे आणि किती आपसूक वर-खाली होण्यामुळे, हे एका माणसाच्या दोन रिपोर्टांवरून सांगता येत नाही. तरी चालू ठेवा. आणखी सहा महिने बघू, नाहीतर पुढचे उपचार आहेतच. वहिनीचं वय बघता त्याहून जास्त थांबायचं नाही.

मी त्या कंपनीला मेल केला की 'नव्वद दिवस'वाली ओळ काढा. ती ओळ त्यांच्या साइटवर अजून आहे. मला मात्र नवं काम आलेलं नाही.

दिवस अजून राहिलेले नाहीत. हे वाचून तुमची थोडी निराशा झाली असेल, पण आज आमच्या घरात आहे ते एवढंच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे पंधरा-वीस जणी आल्या होत्या. वहिनी तिळगूळ देत फिरत होती. ओळखीच्या एक काकू तिच्या पोटाकडे बघून आईला म्हणाल्या, "सूनबाईंचं काही दाखवलंत की नाही अजून?" मी वाण देता देता थांबले. वहिनीही थांबली.

आई अत्तरदाणी खाली ठेवत म्हणाली, "दोघांचंही दाखवलंय. माझ्या मुलाची औषधपाण्याची पथ्यं चालू आहेत."

काकूंनी तिळगूळ तोंडात टाकला. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले तर ती ओट्यापाशी उभी राहून दादाचा दुसऱ्या दिवशीचा डबा धुऊन पुसत होती. तो आधीच धुतलेला होता.